पेडलाचं काम सोडलेला माणूस

रवीभाऊंच्या दुकानात पेडल घ्यायला गेलं, की आधी बूट-मोजे काढावे लागत. गिऱ्हाईक डॉक्टर असो की ठेकेदार, रवीभाऊ त्याला बाजूच्या नळाखाली पाय ओले करायला लावत आणि दुकानासमोरच्या कोरड्या फरशीवर उभं करत. मग त्याला हाताने बाजूला सारून स्वतः उकिडवे बसत आणि त्या ओल्या ठशाकडे टक लावून बघत. ठसा वाळायच्या आत त्यांचा निर्णय झालेला असे.

"तुमचा पाय चौडा आहे भाऊ, हे लहान पेडल तुमच्या कामाचं नाही," असं म्हणून ते आत जात आणि खोक्यातून दुसरी जोडी काढून आणत. माणूस मोठ्या हौसेने इंटरनेटवर काहीतरी पसंत करून आलेला असायचा. त्याचं काही चालत नसे.

रवींद्र लांजेवार हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे कुहीकडचे. घरची धानाची शेती, ती मोठा भाऊ बघतो. रवीभाऊ विशीत नागपूरला आले आणि नंदनवनात दूधवाल्यांच्या आणि पेपरवाल्यांच्या सायकली दुरुस्त करायला लागले. पुढे गिअरच्या सायकली आल्या, डोंगरात चालवायच्या जाड टायरच्या सायकली आल्या, तसे ते एकेक उघडून शिकत गेले. घराच्याच पुढच्या खोलीत दुकान, मागे दोन खोल्यांत ते आणि इंदूबाई. काजल आणि दामिनी या दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. इंग्रजी कॅटलॉग त्यांना वाचता येत नाही. पण सायकल उचलून दोन इंचांवरून खाली टाकली, की नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते त्यांना कळतं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि तरीही मी जे केलं ते केलं.

मी अश्विन. प्रताप नगरात राहतो, विम्याच्या कचेरीत नोकरी करतो आणि आमच्या बावीस जणांच्या सायकल ग्रुपचा ॲडमिन आहे. ॲडमिन कोणी केलं, तर मीच केलं. व्हिडिओ बघून बघून मला सायकलीतलं सगळं कळतं असा माझा समज होता, आणि बोलण्याच्या जोरावर इतरांचाही तो मी करून दिला होता. कोणी ग्रुपवर साधा प्रश्न विचारला, की मी तीन परिच्छेद लिहायचो. आज ते वाचले तर कान गरम होतात.

आमच्यातले बरेचजण रविवारी सकाळी उमरेड रोडने पाचगावच्या पुढे जात. तिथे एका बंद पडलेल्या गिट्टीखदानीमागे टेकडी आहे. वाट म्हणजे नावाला वाट, सगळे दगड, पायऱ्यांसारखे कातळ आणि मध्येच मुरुमाची घसरण. अशा वाटेवर सायकलचं पेडल कसं असावं, यावरून माझा आणि रवीभाऊंचा वाद होता. म्हणजे वाद मी घालायचो, ते हसायचे.

त्यांचं म्हणणं, नव्या माणसाला सपाट पेडल. रुंद, पातळ, दोन्ही बाजूंना बारीक खिळे असलेलं. पातळ अशासाठी, की दगडावर आपटू नये. खिळे बुटाच्या तळव्यात रुतून पाय धरून ठेवतात. पण मधले खिळे ते काढून बुटके बसवायचे, कडेचे उंच ठेवायचे, म्हणजे पाय ताटलीत बसल्यासारखा बसतो. बूटही मऊ आणि सपाट तळव्याचा हवा. पळायचे फुगीर तळव्याचे बूट घालून कोणी आलं, की ते म्हणत, "हे बूट पळायचे आहेत नं, मंग पळा."

"पाय चिपकून राह्यला पाहिजे," ते समजावून सांगत, "पण निघायची पाळी आली का तवाच्या तवा निघाला पाहिजे. पायाले विचार करा लागू नये."

आणि उतारावर टाच खाली. हे ते सायकलवर बसून नाही, जमिनीवर चालून शिकवत. धान रोवताना बांधीच्या, म्हणजे भाताच्या खाचराच्या, ओल्या बांधावरून डोक्यावर रोपांचा भारा घेऊन कसं चालायचं, ते दाखवत. आधी टाच, मग बाकीचा पाय, गुडघे सैल. पन्नाशी ओलांडलेला बारीक माणूस, खाकी हाफपँट, आणि नंदनवनच्या गल्लीत डोक्यावर नसलेला भारा सांभाळत चाललेला. पोरंसोरं हसायची. पण त्यांच्याकडून शिकलेली माणसं त्या टेकडीवरून पडत नसत, हे खरं आहे.

माझं म्हणणं, क्लिपचं पेडल. त्यात बुटाच्या तळव्याला लोखंडी पट्टी असते, ती पेडलात खट्‌कन अडकते आणि पाय सायकलीला बांधल्यासारखा होतो. टाच बाहेर फिरवली की सुटते. किती जोर लावल्यावर सुटावी, हे पेडलाच्या मागच्या बारीक स्क्रूवर ठरतं. पुण्याच्या एका शर्यतीत मी ही पेडलं लावून उतरलो होतो. एकतिसावा आलो, पण पेडलं मात्र डोक्यात बसली.

"रवीभाऊ, हे तर दूधवाल्यांचे पेडल आहेत," मी एकदा दुकानात सगळ्यांदेखत म्हणालो.

"होय जी," ते म्हणाले, "पण दूधवाला पडत नाही, अश्विनभाऊ."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते माझ्या मनात राहिलं. इतकं क्षुल्लक कारण होतं, आणि हे कबूल करायला मला आता लाज वाटते. एका सायकल मिस्त्रीने चारचौघांत माझं बोलणं मोडलं, एवढंच.

माया मेश्राम आमच्याच गल्लीत राहतात, शाळेत चित्रकला शिकवतात. चाळिशीत सायकल सुरू केली आणि वर्षभरात आमच्यातल्या निम्म्या पुरुषांना मागे टाकलं. रवीभाऊंनी ठसा बघून दिलेल्या सपाट पेडलांवर त्या मजेत होत्या. मी त्यांच्या मागे लागलो. आता तुम्ही नवख्या राहिला नाहीत, आता क्लिपवर या, माझी जुनी जोडी घरी पडून आहे, ती देतो. महिनाभर रोज सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बाबा, आणा."

पेडलं बसवायला त्या रवीभाऊंकडेच गेल्या. मी सोबत होतो. रवीभाऊंनी पेडल हातात घेऊन उलटसुलट केलं, माझ्याकडे पाहिलं. बसवून दिली. मग दोन्ही पेडलांचे, दोन्ही बाजूंचे मिळून चारही स्क्रू मोकळे केले, अगदी शेवटापर्यंत, आणि मायाताईंना बूट घालून वीस वेळा पाय काढायला लावला.

"एकदम ढिलं ठेवलं आहे मॅडम," ते म्हणाले. "चढावर पाय सुटन कधीमधी. सुटू द्या. महिनाभर पटांगणात चालवा, डोंगरावर नका जाऊ. आन् ह्या स्क्रूले कोणाले हात लावू देऊ नका."

मी तिथेच उभा होतो. हे सगळं मी ऐकलं आहे.

दहा दिवसांनी मायाताई म्हणाल्या की चढावर पाय फार सुटतो, जोर लागत नाही, नको ते क्लिप. मला वाटलं, झालं, या परत सपाट पेडलांवर जाणार आणि रवीभाऊ पुन्हा हसणार. मी म्हटलं, या रविवारी टेकडीवर चला, तिथे तुम्हाला फरक कळेल. रविवारी माझ्या गाडीच्या रॅकवर दोघांच्या सायकली न्यायच्या होत्या, म्हणून शनिवारी संध्याकाळी त्या आपली सायकल माझ्या पार्किंगमध्ये ठेवून गेल्या.

त्या गेल्यावर मी एलन की, म्हणजे सहाकोनी किल्ली, आणली आणि चारही स्क्रू आवळले. प्रत्येकी सहा खटके. मोजले होते म्हणून आठवतात. त्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. मला एवढंच हवं होतं, की चढ चढून गेल्यावर त्यांनी म्हणावं, अश्विनभाऊ, आज पाय बसला बरं का.

आणि त्या तसं म्हणाल्याही. पहिला चढ चढून वर आल्या, नोव्हेंबरच्या गारव्यातही घामाने डबडबलेल्या, आणि म्हणाल्या, "आज पाय मस्त बसला." मी काय खूश झालो! ग्रुपमधले चार-पाच जण मागून येत होते, त्यांतल्या पियुष नावाच्या पोराला मी मोठ्याने सांगितलंसुद्धा, बघ, क्लिपची कमाल.

पुढच्या कातळाच्या पायरीवर त्यांचं पुढचं चाक अडलं. अशा वेळी पाय खाली टेकवायचा असतो, दुसरं काही नाही. त्यांनी पाय ओढला. तो निघाला नाही. दुसरा ओढला, तोही निघाला नाही. मी चार हात अंतरावर होतो. सायकल जागच्या जागी उभी राहिली, एक क्षण तशीच राहिली, आणि मग त्या सायकलीसकट उजवीकडे, खदानीच्या बाजूला कलंडल्या. उजवा हात खाली आला. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

पडल्यावरही त्यांचे पाय पेडलात अडकलेलेच होते. पियुषने बुटाचे बंद सोडून ते काढले. मग त्याने पेडलात अडकून राहिलेला मोकळा बूट हाताने फिरवून पाहिला.

"यार, इतना टाइट?" तो म्हणाला. "नवीन माणसाला कोणी इतकं टाइट ठेवते का? कोणी लावले हे?"

"रवीभाऊंनी," मायाताई कण्हत म्हणाल्या. "पण ते तर म्हणाले होते ढिलं ठेवलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ॲडमिनकडे. आणि मी म्हणालो, "म्हणाले असतील. करायचं राहून गेलं असेल. दिवसभरात दहा सायकली हाताखालून जातात त्यांच्या." तेवढ्यावर थांबलो असतो तरी माणूस म्हणायला काही उरलं असतं. पण कोणी काही बोलेना, म्हणून मी पुढे म्हणालो, "मी सांगितलंही होतं त्यांना, एकदा चेक करून घ्या म्हणून."

असं मी काहीही सांगितलेलं नव्हतं. ते वाक्य कुठून आलं, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. भीतीतून आलं. त्या क्षणी मला मायाताईंच्या हातापेक्षा माझ्या नावाची काळजी जास्त होती.

दुसऱ्या दिवशी धंतोलीच्या दवाखान्यात मनगटावर शस्त्रक्रिया झाली. मी तिथेच होतो, औषधं आणत होतो, चहा आणत होतो, मायाताईंच्या आईची समजूत काढत होतो. त्या म्हातारीने मला आशीर्वाद दिले. संध्याकाळी रवीभाऊ आणि इंदूबाई आले. कोणीतरी फोन करून त्यांना सगळं सांगितलं होतं, माझ्या वाक्यासकट. इंदूबाईंच्या हातात डबा होता. रवीभाऊंनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. त्यांना मी फुलपँटमध्ये पहिल्यांदाच पाहत होतो.

ते खाटेजवळ गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"मॅडम, माह्या हातून राहून गेलं," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं झाले, असं कधी झालं नाही. मले माफ करा."

"असं नका म्हणू रवीभाऊ," मायाताई म्हणाल्या. "तुम्ही माझ्यासमोर ढिले केले होते, मला आठवतं."

"मलेही तसंच आठवते. पण मंग टाइट कसे झाले? आपोआप तर होत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "अश्विनभाऊ, तुम्ही म्हटलं होतं नं मले, चेक करा म्हणून? मी रात्रभर आठवून राहिलो. मले ते आठवूनच नाही राहिलं. पण तुम्ही खोटं कशाले बोलान?"

खोलीत आम्ही पाच जण होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाऊ द्या रवीभाऊ. होतं असं कधीकधी. माणूस आहे."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. स्वतःच्या पापाबद्दल मी त्या माणसाला, त्याच्या बायकोसमोर, मोठ्या मनाने माफ केलं. आणि त्यांनी मान हलवून माझे आभार मानले. या एका गोष्टीसाठी मला आजही आरशात बघून दाढी करता येत नाही, मी नजर हनुवटीवरच ठेवतो.

नंतरचे चार महिने मी काय केलं, तर काही नाही. कचेरीत गेलो, आलो. ग्रुपवरची माणसं हळूहळू शहरातल्या मोठ्या दुकानांत जाऊ लागली. कोणी रवीभाऊंना वाईट बोलत नव्हतं. "वय झालं बिचाऱ्यांचं," एवढंच म्हणत. ते 'बिचाऱ्यांचं' वाचलं, की मी फोन उलटा करून ठेवायचो. दोन-तीनदा ठरवलं, आज लिहून टाकायचं. एकदा तर पूर्ण मजकूर लिहिला. मग त्यात मी असा कसा वागलो याची कारणं घालत बसलो, कारणं इतकी वाढली की मलाच किळस आली, आणि सगळं पुसून टाकलं. नंदनवनच्या बाजूला जायचं काम निघालं, तर मी लांबचा रस्ता घ्यायचो.

मार्चमध्ये मायाताई घरी आल्या. हात बरा झाला होता, पण मनगट पूर्ण वळत नव्हतं. फळ्यावर वरपर्यंत खडू नेता येत नाही, मुलं फळ्याचा खालचा अर्धा भागच बघतात, असं हसत सांगत होत्या. पण त्या त्यासाठी आल्या नव्हत्या.

"मला परत सायकल सुरू करायची आहे," त्या म्हणाल्या. "सपाट पेडलं हवीत, खिळ्यांची. त्या वेळची जुनी मी देऊन टाकली. रवीभाऊंकडे गेले, तर ते नाही म्हणतात. पेडलाचं काम सोडलं म्हणतात. मी कितीदा म्हटलं की माझा तुमच्यावर राग नाही, तर नुसते हात जोडतात. तुमचं ऐकतात ते. तुम्ही जाऊन सांगा ना."

नाही कसं म्हणणार? मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता नंदनवनात गेलो. खरं सांगायला गेलो नव्हतो. समजूत काढायला गेलो होतो, जुन्या सवयीने.

दुकानात एकच सायकल होती, कोण्या शाळकरी मुलीची, पंक्चर झालेली. रवीभाऊ ट्यूब पाण्यात बुडवून बघत होते. बुडबुडा कुठून येतो ते सापडलं, तिथे त्यांनी खडूने खूण केली. मग पुन्हा बुडवून पाहिलं. पुन्हा खूण केली. भिंतीला एक पाटी टांगली होती, तिच्यावर लिहिलं होतं, 'नट मागचा, नट पुढचा, ब्रेक, हवा', आणि प्रत्येकापुढे एकेक बरोबरची खूण. ज्या माणसाला सायकल टाकल्याच्या आवाजावरून नट कळायचा, तो पाटीवर खुणा करत होता.

"या अश्विनभाऊ," ते म्हणाले. खरंच आनंद झाला होता त्यांना. "लय दिवसानं."

मी मायाताईंचा निरोप सांगितला. त्यांनी हात फडक्याला पुसले.

"नाही जी. पेडल, ब्रेक, हँडल, ह्या कामाले मी हात लावत नाही. पंक्चर आन् हवा, बस. ज्यानं माणूस पडू शकते, ते काम नाही."

"एक चूक झाली रवीभाऊ. एका चुकीने काय होतं," मी म्हणालो. हो, तेव्हाही मी हेच म्हणालो.

"चूक झाली त्याचं नाही. चूक कोणाच्याही हातून होते." ते आवाज खाली आणून बोलू लागले, मागच्या खोलीत ऐकू जाऊ नये असा. "आमच्या बाबाचं असंच सुरू झालं होतं. धोंडबा म्हटलं का अख्ख्या गावात हिशोबी माणूस. एक दिवस बांधीत पाणी सोडलं म्हणून सांगतलं, जाऊन पाहतो तं सोडलंच नव्हतं. तिथून सुरू झालं. मंग बैल बांधला का नाही ते आठवेना. मंग नावं गेले. शेवटी दोन वर्षं इंदूले विचारे, ही कोण बाई आहे गा, घरात कशी फिरून राहिली. आन् मी चौपन्नचा झालो नं आता. बाबाचं बावन्नले सुरू झालं होतं."

मी भिंतीवरची पाटी पुन्हा वाचली.

"मले पक्कं आठवते का मी चारही स्क्रू ढिले केले," ते म्हणाले. "आन् तुम्ही चेक करा म्हटलं, ते आठवतच नाही. म्हणजे जे केलं नाही ते आठवते, आन् जे झालं ते आठवत नाही. डॉक्टरले दाखवलं. ते म्हणते सध्या काही दिसून नाही राहिलं, लक्ष ठेवा. तर लक्ष ठेवून राहिलो." आणि पाटीकडे बोट करून ते हसले.

 मी समोरच्या स्टुलावर बसलो. मला वाटत होतं मी त्यांची गिऱ्हाइकं घालवली, नाव घालवलं. ते तरी भरून काढता आलं असतं. मी या माणसाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास काढून घेतला होता.

"रवीभाऊ," मी म्हणालो, "ते मी टाइट केलं होतं."

"काय?"

"स्क्रू. मायाताईंच्या पेडलाचे. आदल्या दिवशी संध्याकाळी, माझ्या पार्किंगमध्ये. चारही. तुम्ही ढिलेच ठेवले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आन् चेक करा म्हणून म्हटलं होतं ते?"

"नव्हतं म्हटलं. खोटं बोललो."

"म्हणजे मी ढिलंच ठेवलं होतं?"

"हो."

"चारही?"

"चारही."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुतेक त्या दिवशीचं सगळं पुन्हा एकदा मनात करून पाहत होते, एकेक स्क्रू. मग एकदम उठले, पाय लागून पाण्याचं घमेलं लवंडलं ते कळलंही नाही, आणि मागच्या दाराकडे तोंड करून ओरडले, "इंदू! आयकलं का वं? मी ढिलंच ठेवलं होतं! मले बरोबर आठवत होतं!"

इंदूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. रवीभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं, धापा टाकत, लहान मुलासारखे अर्धवट वाक्यांत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. माझ्यावर रागावायचं त्यांना सुचलंच नव्हतं. इंदूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या.

"तुमी तवा दवाखान्यात उभेच होते नं भाऊ?"

"होतो."

"चार महिने झाले," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी सहा वाजता उठल्याबरोबर हा माणूस खाटेवर बसून माहं नाव घेते, दोन्ही पोरीचे नावं घेते, आन् मले विचारते, बरोबर आहे का. मी म्हणते, बरोबर आहे. मंग खाली पाय ठेवते."

"जाऊ दे वं," रवीभाऊ म्हणाले. "आता काहून ते?"

"काहून जाऊ दे? चार महिन्याचं भेव एका संध्याकाळी जाते का?" त्यांचा आवाज चढला नाही. "उद्या सकाळी सहाले तुमी या भाऊ. मी नाही सांगणार उद्या. तुमीच सांगा त्याले."

तिथून मी सरळ मायाताईंकडे गेलो आणि दारातच सगळं सांगितलं, कारणं न देता. त्यांनी ऐकलं. उजवा हात डाव्या हातात धरून त्या बराच वेळ मनगट चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईनं तुम्हाला आशीर्वाद दिले होते," आणि दार लावून घेतलं. ग्रुपवर मी तीन ओळी लिहिल्या. कोणी काही उत्तर दिलं नाही. पियुषने तेवढं वाचल्याची खूण दिसली.

सकाळी सहाला मी नंदनवनात होतो. इंदूबाईंनी दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे हात केला. रवीभाऊ खाटेवर बसले होते, बनियन, अंगावर शाल. मला बघून ते इतके ओशाळले, की चूक पुन्हा त्यांनीच केली आहे असं वाटावं. "कशाले बोलावलं वं त्याले," असं पुटपुटले. इंदूबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, हलल्या नाहीत.

मग त्यांनी खाली मान घालून सुरुवात केली. "इंदू," ते म्हणाले. "काजल. दामिनी." मग मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, जसं ओल्या ठशाकडे पाहायचे तसं. "आन् हे अश्विनभाऊ," ते म्हणाले. "बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि त्यांनी पाय खाली ठेवले.